आधी तिचं कॉलेज चालू राहू द्या

या सदरात एरवी पेन्शनपासून सासू-सुनेपर्यंत सगळे प्रश्न येतात. या महिन्यात मात्र चार पत्रं एकाच विषयावरची निघाली: कॉलेजात, होस्टेलवर, मित्रांच्या खोलीवर झालेला लैंगिक छळ. चारही सोलापूरची. इथल्या दोन कॉलेजांच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्याआधी बरीच वर्षं विडी कामगार बायकांच्या वस्त्यांत काम केलं आहे. म्हणून या महिन्याचं सगळं पान या चार पत्रांना दिलंय. कोण कुठलं हे ओळखू येईल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचे गाइड नोव्हेंबरपासून रात्री अकरानंतर मेसेज करतात. सुरुवात 'चॅप्टर पाठव'पासून झाली. आता 'डीपी छान आहे', 'रविवारी ये, लॅब उघडून ठेवतो' इथपर्यंत आलंय. एकदा खांद्यावर हात ठेवला. मी बाजूला झाले, तर पुढच्या आठवड्यात सबमिशन परत केलं. इंटर्नल आणि व्हायवा त्यांच्याच हातात. आमचे विभागप्रमुख त्यांचे मित्र. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. घरी कळलं तर कॉलेज बंद होणार. मैत्रीण म्हणते, तीन महिन्यांची मुदत असते, ती तुझी गेली. मीही 'ओके सर' म्हणत राहिले, हे माझं चुकलं का?

उत्तर : मुदत गेलेली नाही. तीन महिने पहिल्या मेसेजपासून मोजत नाहीत. एकामागून एक घटना घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजतात, आणि तू लिहिलंयस की परवाच्या रविवारी पुन्हा मेसेज आला. समजा मुदत उलटली असती, तरी उशिराचं कारण लेखी नोंदवून समितीला आणखी तीन महिने वाढवून देता येतात. आजारपण, परीक्षा, भीती ही सगळी कारणं मी नोंदवलेली पाहिली आहेत.

'ओके सर'बद्दल. ज्याच्या हातात आपले मार्क आहेत त्याला मुली असंच उत्तर देतात. काही जणी हसणारी स्मायलीही टाकतात, म्हणजे सर चिडू नयेत. समितीत अशी चॅट समोर आली की मी बघते ते दोघांच्या जागा: एक गाइड, एक विद्यार्थिनी, वेळ रात्रीची, आणि नकारानंतर परत आलेलं सबमिशन. तुझ्या नम्रपणाला होकार ठरवणारा सदस्य भेटला तर त्याला हेच चार मुद्दे दाखवायचे. यात तुझं काहीही चुकलेलं नाही.

आता जे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही ते सांगते. कॉलेज आणि विद्यापीठांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम आहेत, २०१६ पासून लागू. त्यांत चौकशी चालू असतानाच मिळणारा दिलासा लिहिलेला आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तुझं काम तपासण्यापासून, तुझी परीक्षा घेण्यापासून दूर ठेवता येतं. त्याला तुझ्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते, गरज पडली तर आवारात यायलाही बंदी घालता येते. तुला सुट्टी हवी असेल तर तुझे हक्क शाबूत ठेवून तीन महिन्यांपर्यंत देता येते. हे सगळं निकालाच्या आधी. पण मुलींना हे ठाऊक नसतं, आणि बऱ्याच समित्या आपण होऊन सांगत नाहीत याचा मला मनापासून राग येतो. शेवटच्या सेमला असलेल्या मुलीला निकालाआधी व्हायवा द्यायचा असतो. तेव्हा तक्रारीच्या शेवटी हे वाक्य जसंच्या तसं लिही: 'चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या प्रकल्पाचे मार्गदर्शन, अंतर्गत गुण व तोंडी परीक्षा यांपासून संबंधित प्राध्यापकांना दूर ठेवून मला दुसरे मार्गदर्शक द्यावेत.'

विभागप्रमुखांची भीती समजते. पण नियमाप्रमाणे विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव असे वरच्या पदावरचे लोक या समितीत बसूच शकत नाहीत. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, माझ्यासारखी बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. कॉलेजच्या सूचनाफलकावर किंवा वेबसाइटवर ही नावं असायला हवीत. बोर्डावर 'विशाखा समिती' लिहिलेलं असेल, तीच ही. तक्रार विभागात नेऊन द्यायची नाही. थेट अध्यक्षांच्या हातात द्यायची आणि आपल्या प्रतीवर तारखेसह सही घ्यायची. मराठीत लिही. लिहायला जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं कामच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नंतर धक्का बसायला नको. तुझ्या तक्रारीची प्रत सात दिवसांत सरांना जाते. त्यांना दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणजे तुझं नाव त्यांना कळणारच. बाहेर मात्र कुणाला कळवता येत नाही, नाव गुप्त ठेवणं समितीला कायद्याने बंधनकारक आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि कॉलेजने त्यावर ३० दिवसांत कारवाई करायची. आत कुणाला वकील नेता येत नाही. आमच्या समितीत मुलीला आणि त्या माणसाला समोरासमोर बसवत नाही, प्रश्न लेखी घेतो. तुमच्याकडेही तसं मागून घे.

घरी कळवायची सक्ती कुठल्याही नियमात नाही. तू सज्ञान आहेस. पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून स्वतःचा ईमेल दे. तरीही घरातलं एक माणूस बाजूला असलेलं बरं. आई नसेल तर मावशी, आत्या, थोरली बहीण. विड्या वळणाऱ्या बायकांना मी जवळून ओळखते. कारखान्यात पान कमी भरलं म्हणून, विडी नापास केली म्हणून रोज अपमान गिळणाऱ्या बायका आहेत त्या. 'सर माझे मार्क अडवतात' हे वाक्य तुझ्या आईला आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळेल.

मेसेज डिलीट करू नकोस, सरांना ब्लॉकही आताच करू नकोस. स्क्रीनशॉट घे, पण फोन तोच ठेव, विकू किंवा बदलू नकोस. मूळ फोनमधली चॅट असेल तर स्क्रीनशॉटवर शंका घेणं अवघड जातं. एका वहीत तारीख, वेळ, जागा, आसपास कोण होतं, एवढंच लिहीत जा. परत केलेल्या सबमिशनची प्रतही जपून ठेव. तुझ्या बाबतीत तोच सगळ्यात बोलका कागद आहे. पोलिसांकडे जायचं की नाही हे तुझं तू ठरव. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली हा गुन्हा आहे, आणि तू जायचं ठरवलंस तर कॉलेजने मदत करायची असते. समिती आणि पोलीस, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.

प्रश्न : मी मुलगा आहे, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर. सीनिअर मुलांनी रात्री कपडे काढायला लावले, नको तिथे हात लावले, मोबाइलवर शूट केलं. सगळे म्हणतात, रॅगिंग आहे, दोन महिन्यांत संपतं. मुलाचं ही समिती ऐकते का?

उत्तर : ऐकते. यूजीसीच्या त्याच नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे 'ही समिती फक्त मुलींसाठी' असं कुणी ऑफिसात सांगितलं तर ते चुकीचं आहे. तुझ्याकडे दुसराही रस्ता आहे आणि तो जास्त वेगाचा आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. लेखी तक्रार मिळाली की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते, आणि तक्रारीत तथ्य दिसलं तर त्या मुलांना निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवावं लागतं. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. तू वय लिहिलेलं नाहीस. अठरा पूर्ण झाली नसतील तर पॉक्सो, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा कायदा, लागू होतो, आणि तो मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. होस्टेलची खोली आजच बदलून माग, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस. झोप लागत नाही असं लिहिलंयस, तर १४४१६ वर फोन कर. ती टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लाज वाटावी असं तू काही केलेलं नाहीस.

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातला एक मुलगा दोन महिने तिच्या मागं मागं घराच्या गल्लीपर्यंत येत होता. तिनं बोलायला नकार दिला तर तिच्या फोटोचं घाणेरडं काहीतरी करून कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. आता ती जेवत नाही, बोलत नाही. हे म्हणतात, शिक्षण पुरे, मे महिन्यात लग्न उरकून टाकू. मी चौथी शिकलेली. तेलुगू बोलणारे आम्ही, ही चिठ्ठी शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलीय. हे कायदे शिकलेल्या लोकांचे असतात. मी काय करू?

उत्तर : अक्का, हा कायदा कुणा शिकलेल्या मॅडममुळे आलेला नाही. राजस्थानात भटेरी नावाचं गाव आहे. तिथल्या भंवरी देवी, कुंभार समाजातल्या, सरकारच्या कामात गावपातळीवर राबणाऱ्या बाई. एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कोर्टात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. पण त्यांच्यावरच्या अन्यायातून बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ थांबवायला समित्या नेमा असं सांगणारा विशाखा निकाल १९९७ ला आला, आणि २०१३ ला संसदेने कायदा केला. आज सोलापूरच्या कॉलेजात जी समिती बसते तिच्या मुळाशी तुमच्यासारखीच हातानं काम करणारी बाई आहे. तुम्ही बिनधास्त त्या समितीच्या दारात जाऊन उभ्या राहा.

पण त्याआधी घर. मुलगी जेवत नसेल तर तिला प्रश्न विचारू नका. 'तू त्याला आधी बोलली होतीस का', 'फोटो कशाला ठेवलास', हे दोन प्रश्न तर कुणालाच विचारू देऊ नका, आजीलाही नाही. तिच्याजवळ बसा आणि एकच सांगा: कॉलेज बंद होणार नाही. वस्तीतल्या कितीतरी मुलींशी मी बोलले आहे, आणि त्यांची पहिली भीती तो मुलगा नसतो. घरी कळलं की वह्या माळ्यावर जाणार, ही असते. ती भीती जोवर आहे तोवर तिच्या तोंडून शब्द निघणार नाही.

तुमच्या मालकांशी बोलायचं तर पाळीवरून आल्या आल्या नको. सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, घरात कुणी नसताना. त्यांना मुलीची काळजी आहे, हे आधी म्हणा, कारण ते खरं आहे. मग हे विचारा: लग्न लावल्यानं ग्रुपवरचा फोटो निघणार आहे का? उद्या सासरी कुणाच्या मोबाइलवर तो आला तर तेव्हा तिच्या बाजूला कोण उभं राहणार? आज तक्रार नोंदवलेली असेल तर तिच्या हातात कागद राहतो की हा फोटो खोटा आहे आणि करणाऱ्यावर गुन्हा आहे. तक्रार नसेल तर नुसता फोटो राहतो. आणि ज्यानं केलं तो पोरगा परीक्षा देऊन पास होणार, जिच्यावर केलं ती घरात, हे त्यांना बाप म्हणून पटतं का? बहुतेक बापांना पटत नाही. फक्त असं कुणी समोर मांडलेलं नसतं.

आता कामाचं. फोटो आणि ग्रुपचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट शेजारच्या पोरीकडून काढून ठेवा, पण तो कुणाला पाठवू नका. मग पोलीस ठाण्यात जा. कुठल्याही ठाण्यात गेलात तरी तक्रार घ्यावी लागते, 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. अशा गुन्ह्यात मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय निघू नका. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ चा गुन्हा आहे, पहिल्यांदाच तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फोटोसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा वेगळा लागतो, त्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. तेलुगूत बोलायचं असेल तर घरातलं समजदार माणूस बरोबर न्या. वकील लागला तर पैसे मोजू नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकील मोफत मिळतो. त्यांचा फोन १५१००.

कॉलेजच्या समितीकडेही अर्ज द्या. घटना ग्रुपवर झाली, गल्लीत झाली, आवारात नाही, असं कुणी म्हणालं तरी द्या. मुलगा त्याच कॉलेजचा आहे आणि त्याच्या वागण्यानं तिचं वर्गात बसणं अवघड झालंय, हे त्या अर्जात लिहा. दोषी ठरला तर त्याचं ओळखपत्र, लायब्ररी, होस्टेल बंद करता येतं, काही काळ आवारात बंदी घालता येते, नाव काढून टाकता येतं. तोवर मुलीची तुकडी किंवा त्याची तुकडी बदला असं सांगा. मी असते तर त्याचीच बदला म्हणाले असते.

कुणीतरी मधे पडून 'पोराचं आयुष्य बरबाद होईल, बसून मिटवा' म्हणेल. प्राचार्यांच्या केबिनमध्येही म्हणतील. अक्का, समेट फक्त तुमच्या मुलीनं स्वतः मागितला तरच होतो, आणि त्यात पैशाचा व्यवहार करता येत नाही. तिनं मागितला नाही तर तो विषय कुणी काढायचाच नाही. आणि तक्रार सिद्ध झाली नाही तर आपल्यावर उलटेल, ही भीतीही मनातून काढा. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही.

प्रश्न : आम्ही दोघी सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात भाड्याच्या खोलीत राहतो. माझी रूममेट एका सीनिअरच्या वाढदिवसाला गेली आणि पहाटे परत आली. काय झालं ते तिनं मला अर्धवट सांगितलं आणि शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. ती दिवसभर अंघोळ करत होती. कॉलेजला जात नाही. मी नुसती बघत बसू का? मला स्वतःला रात्री झोप येत नाही.

उत्तर : तुझं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा या गोष्टीला दहा दिवस झाले होते. तुला संपादकांमार्फत लगेच निरोप पाठवला. पण हे पान वाचणाऱ्या कुणावर उद्या अशी पहाट येईल, म्हणून पहिल्या तीन दिवसांचं आधी लिहिते.

अशा वेळी पहिली जागा पोलीस ठाणं नसून दवाखाना आहे. सिव्हिलला जा, किंवा जवळच्या कुठल्याही खासगी हॉस्पिटलला. सरकारी असो की खासगी, बलात्कार झालेल्या व्यक्तीवर लगेच आणि फुकट उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. 'आधी एफआयआर आणा' म्हणता येत नाही. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. पुरावाही पहिल्या तीन-चार दिवसांतच मिळण्यासारखा असतो. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये नाही, ओलाव्यानं खराब होतात. अंघोळ झाली असेल तरी जायचं, उशीर झाला असेल तरी जायचं. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, पण तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. जबाब द्यायचा की नाही हेही तीच ठरवणार. मैत्रीण आत बरोबर राहू शकते का, हे विचारून घ्यायचं. बहुतेक ठिकाणी राहू देतात.

आता तुझ्या मैत्रिणीचं. दहा दिवस झाले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं गरजेचं आहे, गरोदरपणाची आणि संसर्गाची तपासणी करायला हवी. एवढ्या एका कामासाठी तिला तयार कर. 'तक्रार करू या' असं आत्ता म्हणू नकोस. 'डॉक्टरकडे मी येते, गुरुवारी दुपारी जाऊ' असं दिवस आणि वेळ सांगून म्हण. ज्या मुलीचं शरीर तिच्या मर्जीविरुद्ध कुणी वापरलं, तिच्या वतीनं आपणही सगळे निर्णय घ्यायला लागलो तर तिचा उरलासुरला जीव जातो. काय हवं हे तिलाच विचार, मग ते छोटं असो. खोलीतला दिवा चालू ठेवायचा की बंद, इथपासून. ती तेव्हा ओरडली का नाही, पळाली का नाही, असं कुणी म्हणालं तर सांग की प्रचंड भीतीत माणसाचं शरीर गोठतं, आवाज निघत नाही. तो होकार नसतो.

शपथेचं म्हणशील तर, डॉक्टरांना आणि समुपदेशकाला सांगितल्यानं ती मोडत नाही, असं मी तुला सांगते. पण दोन वेळा ती मोडावीच लागेल. ती जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली तर त्याच क्षणी ११२ ला फोन कर आणि तिला एकटी सोडू नकोस. आणि तिला अठरा पूर्ण नसतील तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं ज्याला माहीत आहे त्याला बंधनकारक आहे.

ती बोलायच्या अवस्थेतच नसेल तर समितीकडे तिच्या वतीनं सहविद्यार्थिनी तक्रार देऊ शकते, तशी सोय नियमात आहे. तुमच्या बाबतीत मात्र मी आत्ता ती वापरणार नाही. ती बोलतेय, अर्धवट का होईना. तिला वेळ दे, फक्त तीन महिन्यांची तारीख वहीत लिहून ठेव आणि ती जवळ येण्याआधी महिनाभर तिला सांग. पोलिसांकडच्या बलात्काराच्या तक्रारीला अशी तीन महिन्यांची मुदत नाही, हेही तिला कळू दे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. त्यांच्याकडून जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तिथं समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि गरज पडली तर काही दिवस राहायची सोय एकाच ठिकाणी असते. गुन्हा नोंदवला तर राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळते, तोही अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच.

कॉलेजचं तू आजच करू शकतेस. तिच्या संमतीनं वर्गशिक्षकांना 'वैद्यकीय कारण' एवढंच सांगून हजेरीचा अर्ज दे, कारण काय ते सांगायची गरज नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचची तारीख पुढं ढकलता येईल का ते विचार. तो सीनिअर त्याच लॅबला येत असेल तर बॅच बदलून माग. आणि १४४१६ हा नंबर तुझ्यासाठीही आहे. जिनं ऐकलं तिचीही झोप उडते. तू तिथं फोन करून बोललीस म्हणून शपथ मोडत नाही, तिचं नाव सांगावं लागत नाही.